कांद्याच्या गोंड्यात जनुकीय वैविध्य कसं तयार होतं, ते डोळ्यांनी कसं पाहायचं

एकाच वाणाचं, एकाच पुडीतलं बी पेरलं तरी काढणीला एक कांदा गडद लाल, दुसरा फिका, तिसरा जोड निघतो आणि चौथ्याला वेळेआधीच डेंगळा येतो. शेजारच्या वाफ्यातला लसूण मात्र वर्षानुवर्षं तसाच राहतो. दोन्ही एकाच कुळातले, दोघांच्याही पेशीत १६ गुणसूत्रं. फरक एवढाच की कांदा बियांनी वाढतो आणि लसूण पाकळ्यांनी. बी धरताना गोंड्यात, म्हणजे कांद्याच्या फुलांच्या झुपक्यात, नेमकं काय घडतं हे साध्या कॉलेजच्या सूक्ष्मदर्शकाने दिसतं आणि पुढे वाफ्यात मोजताही येतं. दोन्ही कशी करायची ते इथे दिलं आहे.

कांदा निवडायला कारण आहे. त्याची गुणसूत्रं मोठी असतात. माणसाच्या एका संचात सुमारे ३२० कोटी डीएनए-अक्षरं असतात, कांद्याच्या एका संचात सुमारे १,६०० कोटी. गुणसूत्रं मात्र आठच, म्हणजे एकेक गुणसूत्र जाडजूड आणि ४०च्या भिंगाखाली सुटं ओळखू येणारं. टोमॅटोवर हात बसवायला गेलात तर पहिले चार दिवस फक्त ठिपके दिसतील.

गोंडा मिळवणं

कांदा पहिल्या हंगामात गड्डा धरतो आणि दुसऱ्या हंगामात फुलतो. महाराष्ट्रात बीजोत्पादनासाठी ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत गड्डे लावतात, जानेवारी-फेब्रुवारीत गोंडे येतात आणि मार्च-एप्रिलमध्ये बी निघतं. घरी करायचं तर मागच्या उन्हाळी हंगामातले साठवलेले, घट्ट, ६० ते ८० ग्रॅमचे गड्डे घ्या. वरचा एक तृतीयांश भाग आडवा कापा. त्याने कोंब लवकर येतो आणि आत डोळा एकच आहे की दोन-तीन, तेही दिसतं. प्रयोगाला एकाच डोळ्याचे गड्डे ठेवा. १२ इंची कुंडीत एक गड्डा पुरे. कापलेली बाजू बुरशीनाशकात बुडवून सावलीत सुकवून मगच लावा, नाहीतर ओल्या कुंडीत ती सडते.

गोंडा यायला थंडी लागते. नाशिक, पुणे, नगरकडे ती आपोआप मिळते. मुंबईत आणि कोकणपट्टीत बरेचदा नुसती पात वाढत राहते. तिथे लागवडीआधी चार ते सहा आठवडे गड्डे ८ ते १२ अंश सेल्सिअसला ठेवावे लागतात. फ्रिजचा नेहमीचा खण त्याहून थंड असतो, म्हणून भाजीचा खालचा खण वापरा आणि गड्डे कागदात गुंडाळा, प्लास्टिकमध्ये नको. एवढा खटाटोप नको असेल तर बीजोत्पादन करणाऱ्या शेतकऱ्याकडून चार-पाच न उमललेले गोंडे मागून आणा. एका गोंड्यात काहीशे कळ्या असतात, त्यामुळे कोणाचं नुकसान होत नाही.

कळी कोणती घ्यायची

बहुतेक लोक इथेच चुकतात. उमललेलं फूल घेतलं की परागकोष पिवळे, आत तयार परागकण, आणि पाहायचं ते सगळं होऊन गेलेलं. अर्धगुणसूत्री विभाजन, म्हणजे जनन पेशी बनताना गुणसूत्रांची संख्या निम्मी करणारं पेशीविभाजन, कळी अगदी लहान असताना होतं. गोंड्यावरचं पातळ पापुद्र्याचं आवरण फुटायच्या बेतात असेल किंवा नुकतंच तडकलं असेल, तेव्हाच गोंडा तोडा. आतल्या कळ्या सगळ्या एकाच वयाच्या नसतात, आणि हे सोयीचंच आहे, कारण एका गोंड्यातच सगळे टप्पे मिळतात.

साधारण २ ते ४ मिलिमीटरच्या कळ्या काढा. पण मोजपट्टीपेक्षा रंगावर विश्वास ठेवा, कारण वाणानुसार आणि हवेनुसार आकार बदलतो. कळी सुईने उघडा. परागकोष काचेसारखा पारदर्शक किंवा किंचित हिरवट-पांढरा असेल तर वेळ बरोबर आहे. दुधाळ पांढरा असेल तर चौकड्या (विभाजनानंतर एकत्र राहिलेल्या चार पेशी) किंवा कोवळे परागकण मिळतील. पिवळट दिसला की सोडून द्या. प्रत्येक फुलात सहा पुंकेसर असतात, तीन आतले आणि तीन बाहेरचे. आतले थोडे पुढे असतात, म्हणून एकाच कळीत दोन टप्पे दिसले तर गोंधळू नका.

साधं पेशीविभाजन पाहायला मुळांची टोकं घेतात, त्यांच्यासाठी सकाळची ठरावीक वेळ सांगतात, ती इथे तितकी महत्त्वाची नाही. कांद्यात अर्धगुणसूत्री विभाजन पूर्ण व्हायला सुमारे चार दिवस लागतात. त्यातला बराचसा काळ पहिल्या पूर्वावस्थेत, म्हणजे विभाजनाच्या सुरुवातीच्या टप्प्यात, जातो आणि गुणसूत्रं मध्यावर येण्याचा, दोन टोकांना ओढली जाण्याचा टप्पा झटकन संपतो. म्हणजे घड्याळापेक्षा कळ्यांची संख्या कामाला येते. एका खेपेला ३०-४० कळ्या घ्या.

स्थिरीकरण

कळ्यांतल्या पेशी आहेत त्याच टप्प्यावर थांबवायला तीन भाग निव्वळ अल्कोहोल आणि एक भाग ग्लेशियल (जवळजवळ पाणी नसलेलं) अॅसेटिक आम्ल लागतं. हे मिश्रण वापरायच्या आधीच बनवा. ठेवून दिलं की दोघांचं एस्टर बनायला लागतं, फळांसारखा वास येतो आणि स्थिरीकरण कमकुवत पडतं. निव्वळ अल्कोहोल नसेल तर ९५ टक्क्यांचं रेक्टिफाइड स्पिरिट चालतं. सॅनिटायझर चालत नाही, त्यात जेल आणि ग्लिसरीन असतं. ३० कळ्यांना २० मिलिलिटर मिश्रण घ्या. कळ्यांच्या दहा-पंधरा पट तरी द्रव हवाच. २४ तास खोलीच्या तापमानाला ठेवा, मग ७० टक्के अल्कोहोलमध्ये हलवून फ्रिजमध्ये ठेवा. असे नमुने काही महिने टिकतात.

ग्लेशियल अॅसेटिक आम्ल १६.६ अंशांना गोठतं. निफाडच्या जानेवारीत सकाळी बाटली उचलली आणि आत बर्फासारखं घट्ट काही दिसलं तर ते खराब झालेलं नाही, कोमट पाण्यात बाटली धरली की विरघळतं. त्वचा मात्र चांगलीच भाजते. हातमोजे घाला आणि खिडकी उघडी ठेवा.

रंग

गुणसूत्रं लाल रंगवणारं अॅसिटोकार्मिन विकत मिळतं, पण बनवणं अवघड नाही. ४५ मिलिलिटर ग्लेशियल अॅसेटिक आम्ल आणि ५५ मिलिलिटर ऊर्ध्वपातित पाणी एकत्र करून मंद उकळी आणा, त्यात १ ग्रॅम कार्मिन घाला, फ्लास्कच्या तोंडावर काचेचं नरसाळं ठेवून अर्धा ते एक तास हळूहळू उकळू द्या. हे काम धूरकक्षातच (वाफा बाहेर ओढून घेणाऱ्या प्रयोगशाळेतल्या कपाटात) करायचं, स्वयंपाकघरात नाही. गार झालं की गाळा आणि तपकिरी बाटलीत भरा.

कार्मिनला लोखंडाची जोड लागते. लोह नसेल तर गुणसूत्रं फिकट गुलाबी राहतात. रंगात फेरिक क्लोराइडच्या द्रावणाचे एक-दोन थेंब टाकता येतात, पण हात सैल सुटला तर सगळा रंग गाळ होऊन बसतो. त्यापेक्षा परागकोष लोखंडी सुईने रंगातच ठेचणं बरं. सुईतूनच पुरेसं लोह उतरतं. स्टेनलेस स्टीलची सुई या कामाला उपयोगाची नाही.

चेपणं

स्लाइड अल्कोहोलने पुसा. एका कळीतून एकच परागकोष घ्या. सहाही एकदम घेतले तर वेगवेगळे टप्पे मिसळतात आणि काय पाहतोय तेच कळत नाही. रंगाच्या एका थेंबात तो मधोमध कापा, सुईच्या बाजूने दाबून आतल्या पेशी बाहेर काढा. भिंतीचे तुकडे चिमट्याने वेचून फेका, एकही उरला तर कव्हरस्लिप सपाट बसत नाही. दोन ते पाच मिनिटं थांबा. कव्हरस्लिप ठेवा, स्पिरिटच्या दिव्यावरून दोन-तीनदा सरकवून ऊब द्या. स्लाइड हाताच्या पाठीला सोसेल इतकीच गरम हवी. उकळी फुटली की पेशी फुटतात आणि बुडबुडे अडकतात. मग टिपकागदाच्या घडीत ठेवून अंगठ्याने सरळ खाली दाबा. दाबताना कव्हरस्लिप जराही सरकली तर पेशी वळून गुणसूत्रं एकमेकांवर चढतात, आणि ती स्लाइड टाकून नवी करणं हाच उपाय.

आधी १०च्या भिंगाने पूर्ण स्लाइड फिरवा, पेशींचा चांगला घोळका सापडला की ४०ला जा. पार्श्वभूमीही लाल दिसत असेल तर ४५ टक्के अॅसेटिक आम्लाचा एक थेंब कव्हरस्लिपच्या कडेला ठेवा आणि दुसऱ्या कडेने टिपकागदाने ओढून घ्या. स्लाइड आठवडाभर ठेवायची तर कडा नेलपॉलिशने बंद करा.

काय पाहायचं

पहिल्या पूर्वावस्थेत केंद्रकात आधी सुताच्या गुंड्यासारखा गुंता दिसतो, मग धागे जाड होतात. जाड झालेला प्रत्येक धागा म्हणजे खरं तर दोन समजातीय गुणसूत्रं एकमेकांना चिकटलेली असतात, एक आईकडून आलेलं, एक बापाकडून. याच काळात दोघांच्या डीएनएमध्ये तोड होऊन उलटसुलट जोड होते. तिला पारगती किंवा सरळ क्रॉसिंग ओव्हर म्हणतात. ती होताना दिसत नाही, पण तिची खूण दिसते. पुढच्या टप्प्यात जोडीतली दोन गुणसूत्रं एकमेकांपासून दूर सरकू लागतात आणि जिथे अदलाबदल झाली तिथेच फक्त अडकून राहतात. त्या गाठीला कायझ्मा म्हणतात.

नीट चेपलेल्या पेशीत आता आठ आकृत्या मोजता येतात. एक गाठ असलेली जोडी दांड्यासारखी किंवा क्रूससारखी दिसते, दोन्ही टोकांकडे गाठ असलेली कडीसारखी. तीन गाठी असतील तर साखळीच्या दोन कड्यांसारखी. वहीत प्रत्येक पेशीला आठ खाने आखा आणि प्रत्येकात गाठींची संख्या लिहा. निदान २० पेशी मोजा. एका पेशीत आठ आकृत्या मिळत नसतील तर ती सोडा, अंदाजाने आकडा भरू नका.

या आकड्यांचा उपयोग असा. समजा २० पेशींत मिळून ३२० गाठी मोजल्या. एका पेशीला १६ झाल्या. प्रत्येक गाठीत चारपैकी दोनच धाग्यांची अदलाबदल होते, म्हणजे तयार होणाऱ्या पेशींपैकी निम्म्यांत नवी सांगड येते आणि निम्म्यांत जुनीच राहते. म्हणून एक गाठ बरोबर ५० सेंटिमॉर्गन (जनुकीय अंतराचं एकक, १ म्हणजे साधारण १ टक्का नवी सांगड). १६ गुणिले ५० म्हणजे ८०० सेंटिमॉर्गन, हा त्या झाडाच्या जनुकीय नकाशाच्या लांबीचा अंदाज. एकही जनुक न तपासता, नुसत्या गाठी मोजून एवढं हाती येतं.

पारगती वैविध्यासाठीच होते असं पुस्तकांत वाचायला मिळतं. स्लाइडवर मात्र दुसरी बाजू दिसते. गाठ ही जोडी बांधून ठेवणारी गाठ आहे. एखाद्या जोडीत एकही गाठ पडली नाही तर दोन्ही गुणसूत्रं सुटी फिरतात, मध्यावर नीट लागत नाहीत आणि कधी दोन्ही एकाच टोकाला जातात. मग एका पेशीत ९, दुसरीत ७. अशा पेशींतून होणारे परागकण बहुतेक वांझ निघतात. म्हणजे वाटणी बिनचूक व्हायला गाठ लागतेच, आणि गाठ पडली की जनुकांची अदलाबदल आपोआप होते. जपानी पातीच्या कांद्यात या गाठी बहुधा गुणसूत्राच्या मध्यबिंदूजवळच पडतात, त्यामुळे टोकांकडची जनुकं पिढ्यानपिढ्या गठ्ठ्यानेच जातात. आपल्या गड्ड्याच्या कांद्यात गाठी जास्त पसरलेल्या असतात. गाठ कुठे पडते यावर कोणत्या गुणांची फोड होईल हे ठरतं.

दुसरी उलथापालथ मध्यावर होते. आठ जोड्या पेशीच्या मध्यावर ओळीने लागतात तेव्हा प्रत्येक जोडीचं कोणतं तोंड कोणत्या बाजूला, याला नियम नाही. दोन पर्याय, आठ वेळा, म्हणजे २५६ प्रकारची युग्मकं (जनन पेशी). परागकणातून २५६ आणि बीजांडातून २५६ मिळून ६५,५३६ जुळण्या होतात, आणि हे पारगती न धरता. हे मात्र स्लाइडवर दिसत नाही, कारण जोडीतली दोन गुणसूत्रं दिसायला सारखीच असतात. इथे हिशेब हाच पुरावा. आणि २५६ हा आकडाही फक्त त्या झाडाला लागू पडतो ज्याच्या आठही जोड्यांत काही ना काही फरक आहे. सतत स्वपरागण केलेल्या ओळीत जोडीतली दोन्ही गुणसूत्रं सारखीच झालेली असतात, तिथे पत्ते कितीही पिसले तरी हात तोच येतो.

नेहमीपेक्षा वेगळं काही दिसलं तर टाकून देऊ नका. दोन टोकांना जाताना मध्ये ताणलेला धागा आणि बाजूला सुटा तुकडा दिसला तर त्या झाडाच्या एका गुणसूत्राचा एखादा भाग उलटा बसलेला असण्याची दाट शक्यता आहे. मागे रेंगाळलेलं गुणसूत्र पुढे चौकडीत छोट्या ठिपक्यासारखं वेगळं राहतं. शंभर चौकड्यांत असे ठिपके किती, हे मोजून ठेवा. पुढे बी कमी धरलं तर त्याचं कारण इथेच सापडतं.

आता वाफ्यात

स्लाइडवर पिसणं दिसतं, डाव काय पडला ते वाफ्यात दिसतं. त्यासाठी परागण आपल्या हातात हवं.

कांद्याच्या फुलात परागकोष आधी फुटतात आणि कुक्षी (पराग धरणारं टोक) नंतर तयार होते. पराग झडताना कुक्षिवृंत (कुक्षीचा देठ) जेमतेम १ मिलिमीटर असतो, तो ५ मिलिमीटरपर्यंत वाढला आणि टोक चिकट झालं की पराग घेतो. म्हणून एका फुलात स्वपरागण जवळजवळ होत नाही. पण गोंड्यातली फुलं पुढेमागे उमलतात, त्यामुळे एका फुलाचा पराग शेजारच्या फुलावर पडून त्याच झाडाचं बी धरू शकतं. स्वपरागित बी हवं असेल तर पहिलं फूल उमलायच्या आधी गोंड्यावर मलमलची पिशवी चढवा, तोंड देठाला कापसाची घडी लावून बांधा (मुंग्याही पराग नेतात), आणि गोंडा फुललेला असेपर्यंत रोज सकाळी मऊ कुंचला सगळ्या फुलांवरून फिरवा.

संकर करायचा तर ज्या गोंड्यावर बी धरायचं त्यावर ३० ते ५० फुलंच ठेवा, बाकीची कापा. कळी उमलता उमलता, परागकोष फुटायच्या आत, बारीक चिमट्याने सहाही पुंकेसर काढा. प्रत्येक फुलानंतर चिमटा ७० टक्के अल्कोहोलमध्ये बुडवा. एक जरी परागकोष फुटून हाताला पिवळं लागलं तर ते फूल काढून टाका. मोह होतो ठेवण्याचा, पण त्या एका फुलाचं बी सगळा हिशेब बिघडवतं. दोन-तीन दिवसांनी कुक्षी चिकट झाली की दुसऱ्या झाडाचा ताजा पराग लावा आणि पुढचे दोन दिवस पुन्हा लावा. एका फुलात तीन कप्पे आणि प्रत्येकात दोन बीजांडं, म्हणजे जास्तीत जास्त सहा बिया. प्रत्यक्षात तीन-चार मिळाल्या तरी हात चांगला आहे असं समजा.

पिशवी न बांधता नुसतं अंतर ठेवून भागत नाही. प्रमाणित बीजोत्पादनात दोन वाणांत ५०० मीटर आणि पायाभूत बियाण्यात (ज्यापासून प्रमाणित बी तयार करतात त्यात) १,००० मीटर अंतर ठेवावं लागतं, यावरून मधमाशी पराग किती लांब नेते ते ओळखा. गच्चीवरच्या दोन कुंड्यांत तर प्रश्नच नाही.

गोंड्यातली काही बोंडं फुटून काळं बी दिसू लागलं की गोंडा कापा आणि कागदावर सुकवा. सगळी फुटेपर्यंत थांबलात तर निम्मं बी मातीत जातं. कांद्याचं बी साध्या डब्यात वर्षभराच्या पुढे नीट उगवत नाही, त्याच हंगामात पेरा.

रंगाचा हिशेब

मोजायला सगळ्यात सोपा गुण म्हणजे गड्ड्याचा रंग. ढोबळ मानाने तीन जनुकं लक्षात ठेवा. पहिलं रंग येऊ देणारं, दुसरं लाल की पिवळा ठरवणारं, तिसरं रंग दाबून टाकणारं. पहिलं जनुक दोन्ही प्रतींत निकामी असेल तर बाकी काहीही असो, कांदा पांढरा. ते चालू असेल आणि दुसऱ्याची एक तरी प्रत लालची असेल तर लाल, नाहीतर पिवळा.

म्हणून पिवळा आणि पांढरा यांच्या संकरातून पहिल्या पिढीत सगळे कांदे लाल निघू शकतात. पांढऱ्यात लालचं जनुक रंगाअभावी झाकलेलं असतं, पिवळ्याने रंग दिला की ते उघडं पडतं. नवं काहीच तयार झालं नाही, जुन्याचीच सांगड बदलली. या लालांचं स्वपरागण केलं की पुढच्या पिढीत ९ लाल, ३ पिवळे, ४ पांढरे या प्रमाणात फोड होते. १६० गड्डे असतील तर ९०, ३० आणि ४०च्या आसपास. २०-२५ गड्ड्यांवर हे प्रमाण तपासू नका, तेवढ्यात काहीही येऊ शकतं.

अडचणी तीन. पांढरा कांदा दाबणाऱ्या जनुकामुळे पांढरा असेल तर पहिली पिढी लाल न येता पांढरट किंवा क्रीम येते. तसं झालं तर प्रयोग फसला नाही, तुमचा पांढरा वेगळ्या जातकुळीचा आहे एवढंच. दुसरी, बाजारातले वाण शुद्ध ओळी नसतात, त्यामुळे पहिल्याच पिढीत दोन-तीन रंग आले तर आई-बापातच सरमिसळ होती असं समजा. तिसरी अडचण वेळेची. रंग बियांवर दिसत नाही, बी नेहमी काळंच. पहिल्या ऑक्टोबरला आई-बाप लावले तर दुसऱ्या पिढीचे गड्डे हातात यायला साडेतीन वर्षं लागतात. मध्ये एखादा गड्डा साठवणीत सडला की ती शाखा संपली, म्हणून प्रत्येक पिढीत निदान पाच-सहा गड्डे राखीव ठेवा. आणि स्वपरागण दोन-तीन पिढ्यांच्या पुढे नेऊ नका. कांदा परपरागणाला सरावलेलं पीक आहे, त्याच्यात झाकलेले दोष उघडे पडत जातात, गड्डा लहान होतो आणि बी घटतं.

नवीन अक्षर कुठून येतं

वरचं सगळं पिसणं झालं. पण रंग बंद करणारं ते निकामी जनुक मुळात आलं कुठून? डीएनएची नक्कल करताना राहून गेलेल्या चुकीतून, म्हणजे उत्परिवर्तनातून. अॅराबिडोप्सिस या प्रयोगशाळेतल्या झाडात दर पिढीला एक अब्ज अक्षरांमागे सुमारे सात नव्या चुका मोजल्या गेल्या आहेत. हाच दर कांद्याच्या १,६०० कोटी अक्षरांना लावला तर प्रत्येक संचात शंभराच्या आसपास नवे बदल होतात. कांद्याचा बहुतांश डीएनए पुनरावृत्तीचा असल्याने त्यातले जवळजवळ सगळे कुठेच जाणवत नाहीत.

क्वचित एखादा जाणवतो आणि धंदाच बदलून टाकतो. १९२५ साली कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस इथे इटालियन रेड या वाणात एक झाड सापडलं, ज्याचा पराग वांझ होता. स्वपरागणाने बी धरेना, पण गोंड्यात फुलांसोबत लहान लहान गड्ड्या येत होत्या, त्यांवर ते जिवंत ठेवलं गेलं. हा गुण मायटोकॉन्ड्रियातल्या (केंद्रकाबाहेरच्या, स्वतःचा डीएनए असलेल्या पेशीभागातल्या) वारशाचा होता, म्हणजे फक्त आईकडून येणारा, आणि केंद्रकातल्या एका जनुकावर अवलंबून. पुढे कांद्याच्या संकरित बियाण्याचा पाया यावरच उभा राहिला, कारण हजारो फुलांचे पुंकेसर हाताने काढायची गरज उरली नाही. तुमच्या वाफ्यात असं झाड ओळखायचं तर उमललेला गोंडा काळ्या कागदावर हलकेच आपटा. पिवळी भुकटी पडली नाही आणि परागकोष हिरवट, सुकलेले दिसले तर तो पराग अॅसिटोकार्मिनमध्ये तपासा. भरलेले लाल कण म्हणजे बहुधा सशक्त, रिकामे बिनरंगी म्हणजे वांझ. त्याच झाडाच्या लहान कळ्यांत विभाजन बहुधा नीटच दिसतं. बिघाड चौकड्या सुटल्यानंतर होतो.

मुद्दाम उत्परिवर्तन करण्याची रसायनं आणि किरणं घरच्या किंवा शाळेच्या प्रयोगात आणू नका. ती रसायनं कर्करोगकारक आहेत. गुणसूत्रं दुप्पट करायला वापरतात ते कोल्चिसिनही विषच. मुंबईत ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात भुईमुगाचे वाण किरणांच्या मदतीने तयार झाले, पण तिथे मात्रा मोजायची सोय आहे आणि हजारो झाडांतून एक निवडायला माणसं आहेत.

उत्परिवर्तन पाहायचं तर लसूण घ्या. इथल्या लसणाला बी धरत नाही. मध्य आशियात बी धरणारे काही लसूण सापडले आहेत, आपल्याकडचे पाकळ्यांवरच चालतात. म्हणजे पिसणं नाही, मिसळणं नाही, नवा फरक आला तर तो कोंबाच्या पेशीत झालेल्या बदलातूनच. झाडांत युग्मकांच्या पेशी प्राण्यांसारख्या लहानपणीच वेगळ्या काढलेल्या नसतात, त्यामुळे कोंबात झालेला बदल पाकळीत उतरतो. मुळाच्या टोकाला झालेला बदल मात्र तिथेच मरतो.

एका गड्ड्याच्या सारख्या वजनाच्या पाकळ्या एका ओळीत लावा. काढणीला त्यांत जो फरक दिसेल तो जवळजवळ सगळा खत, पाणी, जागा आणि रोग यांचा. त्या ओळीवरून कांद्याचा हिशेब काढायचा नाही, पण परिस्थितीने होणारा फरक केवढा असतो याची डोळ्यांना सवय होते. त्यात एखादा गड्डा रंगाने किंवा पाकळ्यांच्या संख्येने फारच वेगळा निघाला तर त्याच्या पाकळ्या वेगळ्या ओळीत, शेजारी मूळच्या पाकळ्या लावून, सलग तीन हंगाम लावा. फरक पहिल्याच हंगामात पुसला गेला तर तो मातीचा होता. तिन्ही हंगाम टिकला आणि पानांवर विषाणूचे पिवळे पट्टे नसतील, तर त्या ओळीला वेगळा नंबर द्या आणि तिची पाकळी दुसऱ्या ओळीत मिसळू देऊ नका.